तिलोत्तमाबाईंची काळी चार

टिपणीसांनी चहाची बशी खाली ठेवली आणि आढेवेढे न घेता विचारलं, "बाई, आईची भूमिका कराल का?"

मी कोपऱ्यात पेटीपुढे बसलो होतो. तिलोत्तमाबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी पेटीच्या भात्याकडे बघत राहिलो.

"कुणाची आई?" बाईंनी विचारलं.

"एका वीस वर्षांच्या मुलाची."

"आणि मी किती वर्षांची आहे असं वाटतं तुम्हाला?"

टिपणीस पुण्याचे दिग्दर्शक. सरळ माणूस, पण बायकांशी बोलताना सरळपणा जरा आवरता घ्यावा एवढं शहाणपण त्यांच्याकडे नव्हतं. ते म्हणाले, "वयाचं मला काही देणंघेणं नाही. गणपतीत तुमचं गाणं ऐकलं मी, मांडवाच्या मागे उभा राहून. आवाज आता भरलाय तुमचा. खाली आलाय, जड झालाय. मला तसाच हवाय. पोरीबाळींचे पातळ आवाज ढिगानं मिळतात. चार गाणी आहेत चित्रपटात, चारही आईची. तुमच्या या आवाजासाठी बांधून घेणार आहे मी ती."

'खाली आलाय' हे शब्द ऐकले आणि मी पेटीच्या अंगाचं कापड जरा खाली ओढून घेतलं.

बाई हसल्या. त्या रागावल्या की आधी हसायच्या. "मेस्त्री," मला त्या म्हणाल्या, "यांना सांगा हो, कोणत्या पट्टीत गाते मी?"

गाणाऱ्याचा 'सा' पेटीवरच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. बाईंची पट्टी काळी चार. त्यांच्या तबकड्या घराघरांत वाजत होत्या आणि पेटी वाजवणाऱ्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं, तिलोत्तमा काळी चारमध्ये गाते. एवढ्या उंच पट्टीत इतका मोकळा आवाज लावणारी दुसरी बाई तेव्हा चित्रपटात नव्हती. त्यांचा सगळा रुबाब त्या एका काळ्या पट्टीवर उभा होता म्हटलं तरी चालेल.

मी म्हणालो, "काळी चार."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. "पंधराव्या वर्षी गात होते तिथंच आहे मी. खाली आलाय म्हणे!"

टिपणीसांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला पट्टीतलं कळत नाही बाई. आवाजातलं कळतं." टोपी घातली आणि गेले. दारापर्यंत पोचवायला मीच गेलो. फाटकाशी ते थांबले. "विचार बदलला तर कळवायला सांगा त्यांना. महिनाभर थांबतो मी." मी मान हलवली. तो निरोप मी बाईंना दिला नाही.

ही गोष्ट चव्वेचाळीस सालची, कोल्हापुरातली. आज मी शहाऐंशी वर्षांचा आहे. अजून कुणी ना कुणी वही घेऊन येतं आणि विचारतं, मेस्त्री, तिलोत्तमाबाईंच्या आठवणी सांगा. मी त्यांच्या साड्यांचे रंग सांगतो, त्यांना लागणारा कडक चहा सांगतो, पहिल्या खेळाला पिटातली, स्वस्त तिकिटाची माणसं कशी उभी राहिली ते सांगतो. माणसं खूश होऊन जातात. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर त्या दिवशी मी धडधडीत खोटं बोललो होतो. काळी चार सुटून दोन वर्षं झाली होती.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात बाईंना विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप. तापातून उठल्यावर महिन्याभरानं त्यांनी पहिल्यांदा रियाजाला बसायचं ठरवलं. मी तंबोरे लावले, पेटीवर काळी चार धरली, आणि बाईंनी सूर लावला. खालचं अंग ठीक होतं. वरच्या 'सा'ला गेल्या आणि आवाज फाटला. पुन्हा गेल्या, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. तंबोरा मांडीवर आडवा ठेवला आणि लहान मुलीसारखं मला विचारलं, "मेस्त्री, गेला का हो माझा आवाज?"

मी त्यांच्याकडे दहा वर्षं होतो. आमच्या चित्रपट कंपनीत त्यांनी मोठमोठ्या दिग्दर्शकांना उभं राहून ऐकून घ्यायला लावलेलं मी बघितलं होतं. ती बाई माझ्यासारख्या पेटीवाल्याला असं विचारते, हे मला सोसेना. "अशक्तपणा आहे," मी म्हणालो. "आठ दिवसांनी बसू."

माझी पेटी माझ्या वडिलांनी सावंतवाडीला स्वतः बनवलेली. तिला उजव्या अंगाला, कापडाच्या आड, एक पितळी खटका होता. तो ओढून ढकलला की वरच्या सगळ्या पट्ट्या एका घरानं डावीकडे सरकतात. बोट ठेवायचं काळी चारवरच, पण सूर वाजतो त्याच्या खालचा. कलकत्त्याच्या पेट्यांना अशी सोय असते. आमच्या कोल्हापुरात ती फारशी कुणी पाहिलेली नव्हती. आठ दिवसांनी मी पट्ट्या एक घर सरकवल्या, तंबोरे तसे उतरवले आणि बाईंपुढे काळी चारवर बोट ठेवलं.

वरचा 'सा' लागला. थरथरत, पण लागला. बाईंनी डोळे मिटून तो धरून ठेवला, आणि मग उठून आत गेल्या त्या थेट अंबाबाईची ओटी भरायच्या तयारीला लागल्या. त्या दुपारी अर्ध्या गल्लीला पेढे मिळाले. मलाही मिळाले. मी ते खाल्ले.

एकदाच करायचं होतं मला, देवाशपथ. अंगात ताकद आली की पट्ट्या परत जागेवर आणायच्या, असं ठरवलं होतं. पण ताकद आली तरी आवाज वर आला नाही. तो खालीच घर करत होता. सहा महिन्यांनी मी आणखी एक घर सरकलो. एक खोटं छप्पन्न ठिकाणी सांभाळावं लागतं हे तेव्हा कळलं. बाई कधी हौसेनं आपलीच जुनी तबकडी लावायच्या आणि सोबत गुणगुणायच्या. त्यात सगळं उघडं पडलं असतं, म्हणून मी ग्रामोफोनच्या वेगाचा काटासुद्धा थोडा थोडा मागे घेत गेलो. बाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तेव्हाही किती पोक्त होता हो माझा आवाज!" मी म्हणायचो, "होता खरा."

पुढच्या वर्षी तिसरं घर. आता बोट काळी चारवर असायचं आणि सूर वाजायचा पांढरी चारचा. लढाईमुळे कच्ची फिल्म परवान्यावर मिळायची, कंपनी दोन वर्षं जवळजवळ बंदच होती. गाणं व्हायचं ते घरी नाहीतर उत्सवात, आणि दोन्हीकडे साथीला मी, माझी पेटी आणि मी लावलेले तंबोरे. उघडं पाडणारं कुणी नव्हतंच.

खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती ती. एवढ्या मोठ्या बाईचा आवाज माझ्या हाताखालच्या एका खटक्यावर चाललाय, हे कोल्हापुरात एकट्या मला माहीत होतं. ते मला आवडायला लागलं होतं. लाज वाटते, पण आवडायला लागलं होतं.

टिपणीस येऊन गेल्यावर दोन महिन्यांनी कंपनीला परवाना मिळाला. आबासाहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, मोठं चित्र काढायचं ठरवलं. नायिका तिलोत्तमा. संगीताला मुंबईहून निगुडकर नावाचा तरुण आणला. हुशार होता, पण अंगात घाई फार. पहिल्याच बैठकीत त्यानं वही उघडून विचारलं, "बाई, पट्टी?"

"काळी चार," बाई म्हणाल्या. "विचारायला हवं का?"

"खात्री केलेली बरी. या वेळी पियानो आहे, क्लॅरिनेट आहे, आठ व्हायोलिनं आहेत. सगळ्यांचं लिहून काढायचं असतं. एकदा लिहिलं की मग बदलता येत नाही पटकन."

"लिहा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. "मेस्त्री साक्षीला आहेत."

पियानोला खटका नसतो. तो मनासारखा सरकवता येत नाही. ध्वनिमुद्रणाला पंधरा दिवस होते, आणि तोवर चाली बाईंकडून घरी मीच बसवून घ्यायच्या होत्या. मी घरी जाऊन काय विचार केला असेल? बाईंना सांगावं, हाच विचार आला, पण तो मी बाजूला सारला. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी रियाजाला बसताना पट्ट्या एक घर वर सरकवून ठेवल्या. म्हटलं, उतरवला तसा चढवून बघू. बाईंना धाप लागली. चार दिवस त्या तशाच ओढत राहिल्या आणि पाचव्या दिवशी त्यांचा घसा बसला.

"काय होतंय हे मला?" त्या म्हणाल्या. तोंडात ज्येष्ठमध होतं. "आठ दिवसांपूर्वी तर सहज जात होते मी."

"बाई," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. काढा घ्या अडुळशाचा."

पट्ट्या मी पुन्हा खाली आणल्या. बाईंचा घसा सुटला, त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी काढ्याला गुण दिला. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा एकदा तोंड उघडलं. त्या चित्रपटातल्या साडीच्या काठाबद्दल काहीतरी सांगत होत्या, इतक्या आनंदात होत्या की मी ऐकतच बसलो.

ध्वनिमुद्रण सकाळी दहाला होतं. स्टुडिओच्या मोठ्या खोलीत वाद्यं मांडलेली. पियानोवर आल्मेदा बसला होता, म्हापशाचा म्हातारा वादक. बाईंचं माहेरही तिकडचंच, गोव्यातल्या मांद्र्याचं, म्हणून दोघांची एकमेकांवर माया. आबासाहेब स्वतः खुर्ची टाकून भिंतीशी बसले होते. नवीन चित्राचं पहिलं गाणं ते कधी चुकवत नसत.

निगुडकरनं हात वर केला. वाद्यं सुरू झाली. बाईंनी मुखडा घेतला आणि दुसऱ्याच ओळीला त्यांच्या कपाळावर आठी उमटली. मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्यात वरच्या 'सा'वर थांबायचं होतं. तिथं आवाज चिरला. अगदी तसाच, दोन वर्षांपूर्वीसारखा.

"होतं असं," निगुडकर म्हणाला. "पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाई मुखड्यातच थांबल्या.

"आल्मेदा," त्या म्हणाल्या, "पियानो वर लागलाय तुझा."

आल्मेदानं मान हलवली. "ना बाई. पियानो बरोबर आसा. आयतवारीच लावून घेतलाय."

"वर आहे म्हणते ना! रोज गाते मी या पट्टीत. माझ्या गळ्याला कळत नाही होय? मेस्त्री, काळी चार द्या बघू यांना."

खोलीतली पंचवीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझी पेटी ताफ्यात नावालाच होती, अजून एकदाही वाजली नव्हती. मी बोट काळी चारवर ठेवलं, पण भाता हलवला नाही.

"द्या ना," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल जराही शंका नव्हती.

मी भाता ओढला. सूर वाजला. आल्मेदानं पियानोवर तोच सूर दिला. दोन सुरांमध्ये एवढं अंतर होतं की दारातल्या पहारेकऱ्यानंसुद्धा वळून बघितलं.

आल्मेदा उठला, माझ्याजवळ आला. पेटीच्या अंगाचं कापड त्यानं दोन बोटांनी वर केलं, खटका बघितला, सरकलेल्या पट्ट्या बघितल्या आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की अजून विसरलेलो नाही. बोलला निगुडकर. तोही वाकून बघत होता.

"तीन घरं!" तो ओरडला. "तीन घरं खाली सरकवलीय पेटी! बाई पांढरी चारमध्ये गातात आणि आम्हाला काळी चार लिहायला सांगतात! आठ दिवस बसून लिहिलंय आम्ही हे सगळं. कुणी केलं हे?"

आबासाहेब उठून पुढे आले. "काय भानगड हाय ही, मेस्त्री?"

मी बाईंकडे बघितलं. त्या पेटीकडे बघत होत्या. काळी चारवर अजून माझं बोट होतं. त्या बोटापासून त्यांची नजर खटक्याकडे गेली, मग माझ्या चेहऱ्यावर आली. सगळं त्यांना तेव्हाच कळत होतं, माझ्या डोळ्यांदेखत. पेढे, ओटी, तबकड्या, टिपणीस, काढा, एकेक करून सगळं. मला वाटलं, आता ही बाई मला जोड्यानं मारेल, आणि मारावं.

"मेस्त्री, इचारतोय मी," आबासाहेब म्हणाले. "कंपनीत हितनं पुढं पेटी वाजवायची हाय का न्हाई तुम्हास्नी?"

"त्यांना काय विचारता?" बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "मी सांगितलं होतं त्यांना."

"तुम्ही?"

"मी. आवाज उतरलाय माझा दोन वर्षं झाली. लोकांना कळू नये म्हणून मीच पेटी सरकवून घेतली. ते बिचारे हुकमाचे ताबेदार. नाही म्हणाले होते, मी ऐकलं नाही."

निगुडकर कडवट हसला. वादकांत कुजबूज झाली. कुणीतरी मागे म्हणालं, "एवढी मोठी बाई, आणि काय हे!" ते बाईंनी ऐकलं. मीही ऐकलं. मी त्या वेळी उठून उभं राहायला हवं होतं. आबासाहेब, हे खोटं आहे, एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं. आणि मला माझी कंपनीतली जागा दिसली, तिच्यामागे पेटी दुरुस्त करत ओसरीवर बसलेले माझे वडील दिसले, आणि मी मान खाली घातली.

"मग आता काय करायचं?" निगुडकर म्हणाला. "सगळं उतरवून लिहायचं म्हणजे आणखी आठ दिवस. आणि चाली बांधल्यात त्या उंच आवाजाला. पांढरी चारमध्ये त्या मेल्यासारख्या वाटतील."

आबासाहेब बाईंना म्हणाले, "चुकलं तुमचं बाई. आधी बोलला असता तर काहीतरी केलं असतं. फसवून कसं चालंल?" त्यात राग कमी आणि दुःख जास्त होतं. "चला निगुडकर, भाईर बोलू." मग वादकांना म्हणाले, "च्या घ्या सगळ्यांनी."

खोली रिकामी झाली. आल्मेदा शेवटी गेला. जाताना त्यानं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. ते चित्र पुढे दुसऱ्या मुलीला घेऊन निघालं आणि बरं चाललं. टिपणीसांनी तोवर आईच्या भूमिकेला दुसरी बाई घेतली होती. ती चार गाणी अजून रेडिओवर लागतात. ती लागली की मी उठून बाहेर जातो. बाई महिन्याभरात घर आवरून मांद्र्याला गेल्या. मी कंपनीत आणखी एकतीस वर्षं पेटी वाजवली. निगुडकरनंच मला ठेवून घेतलं. म्हणाला, ताबेदाराचा काय दोष.

पण त्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. बाई माझ्यापुढे जमिनीवर बसल्या, रियाजाला बसायच्या तशा.

"पट्ट्या जागेवर घ्या," त्या म्हणाल्या.

मी खटका ओढला आणि तिन्ही घरं परत नेली.

"आता माझा सा द्या. खरा. जिथं मी आहे तिथला."

मी पांढरी चारवर बोट ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा बोट आणि सूर एका जागी होते. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं आणि गायला लागल्या. सकाळचंच गाणं, निगुडकरचंच. वर पोचायची धडपड नव्हती, काही सिद्ध करायचं नव्हतं. त्यांनी ते संथ केलं, शब्दांना जागा दिली. भरलेला, थोडा खरखरीत, सगळं बघून झालेल्या बाईचा आवाज. टिपणीस मांडवामागे उभे राहून ज्या आवाजाला भुलले होते तो हाच. मी रोज त्याची साथ करत होतो आणि मला तो एकदाही ऐकू आला नव्हता, कारण माझं सगळं लक्ष खटक्याकडे होतं.

मी रडत होतो. बाई रडत नव्हत्या.

"चांगला आहे की हो," गाणं थांबवून त्या म्हणाल्या. त्यांनाच नवल वाटलं होतं. "चांगला आवाज आहे हा. दोन वर्षं माझ्याजवळ होता आणि मला पत्ता नाही."

"बाई, मी तुमच्या भल्यासाठी..."

"माहीत आहे." त्यांनी पदर सावरला. "टिपणीस परत काही बोलले होते?"

मला आता खोटं बोलवेना. "महिनाभर थांबतो म्हणाले होते."

त्यांना हिशेब करावा लागला नाही, तो महिना केव्हाच उलटून गेला होता. त्यांनी पांढरी चारवर एकदा बोट टेकवलं आणि उठल्या.

"मेस्त्री, तुम्ही बोलायला हवं होतं."

"केव्हा बोलायला हवं होतं, बाई? तापातून उठलात तेव्हा माझी जीभ उचलली नाही. नंतर तर..."

"केव्हाही," त्या म्हणाल्या. "मघाशीसुद्धा चाललं असतं."

आणि त्या चालत निघून गेल्या. दार उघडंच राहिलं. व्हरांड्यात आबासाहेब आणि निगुडकर कपबशी हातात धरून उभे होते. बाई त्यांच्यासमोरून गेल्या तेव्हा निगुडकरनं तोंड फिरवलं. माझ्यापासून ते दहा पावलांवर होते, फार तर बारा. मी पेटीचा भाता मिटवला, कडी लावली, आणि वरचं कापड चारी बाजूंनी नीट खोचत बसलो.